ऑनलाइन पेठ आणि जुनें गिऱ्हाईक

येत्या वार्षिक सभेपुढें एक सूचना येणार आहे, हें बहुतेक सभासदांस ठाऊक झालेंच आहे. संघाच्या गोदामांत सभासदांची जी हळद जमा होते, ती यापुढें सांगलीच्या पेठेंतील ठराविक पेढ्यांस न देतां सर्वच्या सर्व मोबाईलवरील ऑनलाइन पेठांवर मांडावी आणि जो सर्वांत चढा भाव बोलेल त्यास द्यावी, अशी ती सूचना आहे. ती आणणारे बहुतेक तरुण सभासद असून त्यांची तळमळ खरी आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि ज्या ठरावावर चारशें घरांचा वर्षाचा हिशेब अवलंबून आहे, त्याच्या दोन्ही बाजू सभेपूर्वी वाचकांसमोर याव्यात, म्हणून हा लेख लिहीत आहों.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, आम्ही आडतीच्या जुन्या रीतीचे कैवारी नव्हों. रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची हत्त्याची पद्धत, पोत्यामागें कडता, नमुना म्हणून काढलेली आणि पुन्हां पोत्यांत न पडलेली मूठ, हमाली व तोलाई यांच्या नांवावर हिशेबपट्टींत वाढणारे आंकडे, हें सर्व ज्यानें पाहिलें नाहीं असा शेतकरी विरळा. या गैरचाली मोडण्यासाठींच नियंत्रित बाजार निघाले. कापसाचा पहिला नियंत्रित बाजार १८८६ सालीं वऱ्हाडांत कारंजा येथें सुरू झाला आणि १८९७ सालीं वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढें मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं कापूस बाजारांचा व १९३९ सालीं सर्व शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. या इतिहासांतील एक गोष्ट मात्र आपण विसरूं नये. वऱ्हाडचा तो पहिला बाजार बांधण्यांत विलायतेंतील गिरण्यांस वाजवी दरानें स्वच्छ कापूस मिळावा, हा हेतु मोठा होता. शेतकऱ्याचें हित त्यामागून चालत आलें. म्हणून कोणताही नवा बाजार पुढें आला म्हणजे तो कोणी उभारला, कोणाच्या सोयीसाठीं उभारला आणि त्याचा खर्च कोण सोसतो, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत.

ऑनलाइन पेठ म्हणून जें म्हणतात, तें एकच एक प्रकरण नाहीं. पहिला प्रकार सरकारी. राष्ट्रीय कृषि बाजार १४ एप्रिल २०१६ रोजीं ८ राज्यांतील २१ बाजारांत सुरू झाला आणि मे २०२० पर्यंत त्यांत १००० बाजार जोडले गेले. येथें माल बाजार समितीच्या आवारांत येतो, त्याची प्रत तपासली जाते, आणि बोली संगणकावर होते. वांधा निघाल्यास विचारावयास समितीचें कार्यालय तरी असतें. दुसरा प्रकार खरेदीदारानें स्वतः उभारलेल्या पेठेचा. आयटीसी कंपनीनें २००० सालीं मध्य प्रदेशांत सोयाबीनसाठीं ई-चौपाल काढली, ती या जातीची. तिसरा प्रकार व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांची गांठ घालून देणाऱ्या पेठांचा. आपल्या देशांत इंडियामार्ट १९९६ पासून आणि चीनमध्यें अलीबाबा १९९९ पासून हें काम करीत आहे. सभेपुढील सूचना मुख्यतः या तिसऱ्या प्रकारासंबंधीं आहे, म्हणून त्याचाच विचार करूं.

या पेठेची घडण अशी. विकणारा आपला माल चित्रासह मांडतो. घेणारा चौकशी धाडतो. ती एकच चौकशी पुष्कळदां अनेक विकणाऱ्यांकडे जाते, आणि ती मिळविण्यासाठीं किंवा यादींत वर दिसण्यासाठीं विकणारे पेठेला वर्गणी भरतात. म्हणजे पेठेचें उत्पन्न बहुतांशीं गांठ घालून देण्याचें आहे, सौदा तडीस नेण्याचें नाहीं. आडत्याची आडत सौदा पुरा झाल्यावर पिकते. या पेठेची वर्गणी सौदा होवो अथवा न होवो, आधींच जमा झालेली असते. यांत लबाडी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तो एक धंदा आहे व उघड धंदा आहे. परंतु ज्याचें उत्पन्न ओळख करून देण्याचें, त्याची जबाबदारीही ओळख करून देण्यापुरतीच असणार, हें ओघानेंच आलें. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्याच्या कलम ७९ नें अशा मध्यस्थास, त्यानें योग्य ती खबरदारी घेतली असल्यास, दुसऱ्यानें मांडलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून संरक्षणही दिलें आहे.

आतां ‘सत्यापित’ या शिक्क्याविषयीं. पुष्कळ तरुण सभासद म्हणतात कीं, गिऱ्हाइकाच्या नांवापुढें पेठेनें खुणेचा शिक्का मारलेला असतो, मग भीति कसली? आमचें निम्मे आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें शिक्क्याची किंमत आम्हांस थोडीबहुत कळते. सातबाऱ्यावरील नोंद आपण केवढी मानतों! तरी जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणें ती नोंद खरी समजावयाची ती उलट शाबीत होईपर्यंतच. तिच्यामागें फेरफाराची नोटीस, हितसंबंधितांस हरकतीची मुदत आणि अधिकाऱ्याची मंजुरी एवढे सोपस्कार असूनही कायदा तिला शेवटचा शब्द मानीत नाहीं. मग ज्या शिक्क्यामागें जीएसटीचा क्रमांक व फोनचा क्रमांक पडताळण्यापलीकडे बहुधा कांहीं नसतें, तो किती मानावा? तो शिक्का एवढेंच सांगतो कीं, या नांवाचा मनुष्य आहे. तो पैसे वेळेवर देतो किंवा नाहीं, वजनांत खोड काढतो किंवा नाहीं, हें त्यांत लिहिलेलें नसतें. अलीबाबाच्याच पेठेवर पैसे भरून ‘सुवर्ण पुरवठादार’ हा मान मिळविलेल्या सुमारे २३०० विक्रेत्यांनीं गिऱ्हाइकांस फसविल्याचें २०११ सालीं कंपनीनें स्वतःच जाहीर केलें, आणि कंपनीचे मुख्य अधिकारी डेव्हिड वेई यांनीं जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तेथें फसले ते घेणारे होते. आपण विकणारे आहों. परंतु शिक्का पाहून विश्वास ठेवण्याची चूक दोन्हीकडे एकच.

आमच्या माहितींतील एक प्रकार सांगतों. वारणाकांठच्या कांहीं शेतकऱ्यांनीं मिळून आपलीं हळकुंडें अशा एका पेठेवर मांडलीं. त्यांत आमचाही थोडा माल होता. दोन दिवसांत तीसएक चौकश्या आल्या. त्यांतून दूरच्या प्रांतांतील एका गिऱ्हाइकानें प्रथम ५ क्विंटल मागविले व सर्व रक्कम आगाऊ पाठविली. पुढें २० क्विंटल मागविले. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी माल पोंचल्यावर तिसऱ्या दिवशीं आली. सर्वांस हायसें वाटलें. तिसऱ्या खेपेस त्यानें १०० क्विंटलांची मागणी केली. भाव असा कीं, भाडें वजा जातां स्थानिक पेठेपेक्षां क्विंटलमागें ७०० रुपये अधिक सुटावेत. चौथाई रक्कम घेऊन ट्रक रवाना झाला. पोंचल्यावर निरोप आला कीं, मालांत ओल १४ टक्के आहे, क्विंटलमागें ९०० रुपये कमी घेणार असाल तर उतरवून घेतों, नाहीं तर ट्रक परत न्या. येथून निघतांना माल कोरडा होता, असें आम्हां सर्वांचें म्हणणें. पण त्याचा पुरावा कोणाजवळ? नमुना राखलेला नव्हता, तपासणीचा दाखला नव्हता. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें अखंड हळदींत ओल १२ टक्क्यांहून अधिक नसावी, हें त्या गिऱ्हाइकास पाठ होतें, आम्हांस नव्हतें. तिकडे ट्रकवाल्याचें मुक्कामाचें भाडें चढूं लागलें. दोन दिवसांनीं सर्वांनीं मान तुकविली. ७० हजार अधिक मिळावयाचे, त्याऐवजीं ९० हजार सोडावे लागले; म्हणजे घरच्या पेठेंत विकण्यापेक्षां २० हजार कमी पदरीं पडले, आणि त्यांतीलही शेवटची रक्कम चार महिन्यांनीं आली. पेठेच्या कार्यालयास लिहिलें तेव्हां उत्तर आलें कीं, आम्ही केवळ परिचय करून देतों, व्यवहार उभय पक्षांचा आहे.

या प्रकारास कोणी फसवणूक म्हणतील. आम्ही त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहतों. गिऱ्हाइकानें पैसे बुडविले नाहींत. त्यानें फक्त इतकें ओळखलें कीं, हजार किलोमीटर दूर उभा असलेला माल हा विकणाऱ्याचा राहत नाहीं. जोंवर हळद आपल्या गोदामांत आहे तोंवर भाव आपण बोलतों. ट्रक त्याच्या दारांत उभा राहिला कीं भाव तो बोलतो. आणि त्यानें असें करण्यास कचरावें असें त्याच्यापाशीं कांहीं कारणच नव्हतें. पुन्हां आमच्याकडे माल मागण्याची त्याला गरज नाहीं. पेठेवर दुसरे शंभर विकणारे त्याची वाट पाहत आहेत. ज्याला उद्यां तोंड दाखवावयाचें नाहीं, त्याला आजची भीड कशास?

याच ठिकाणीं जुन्या गिऱ्हाइकाचा प्रश्न येतो. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा-वारणेचा महापूर आला, शेतांत उभें पीक कुजलें, घरांत ठेवलेलें धान्य भिजलें. त्या वर्षी पुढच्या लागवडीच्या बेण्यासाठीं आमच्या गांवांतील कित्येकांस ज्यांनीं उचल दिली, त्या याच पेठेंतील पेढ्या होत. तारण नाहीं, कागद नाहीं. वहींत एक ओळ आणि वीस वर्षांची ओळख. हें त्यांनीं धर्मार्थ केलें नाहीं, हें आम्ही जाणतों. पुढील हंगामांत माल आपल्याकडे यावा हा हिशेब त्यामागें होता, आणि त्या उचलीची किंमत कांहींनीं भावांतून वसूलही करून घेतली असेल. तरी पण उद्यांचा हिशेब ज्याच्या मनांत आहे, असा मनुष्य आज एका मर्यादेपलीकडे जात नाहीं. नात्याचा उपयोग हाच. त्यांत भाबडेपणा नाहीं.

मोठमोठ्या कारखानदारांसही हा धडा पैसे मोजूनच शिकावा लागला. २००० सालीं अमेरिकेंतील जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायसलर या मोटारकंपन्यांनीं एकत्र येऊन कोव्हिसिंट नांवाची ऑनलाइन पेठ काढली. सुटे भाग पुरविणाऱ्यांस एका ठिकाणीं आणावें, त्यांच्यांत उलटा लिलाव लावावा, आणि जो सर्वांत कमी भाव बोलेल त्यास काम द्यावें, ही त्यांतील मुख्य योजना. पुरवठा करणारे बिचकले. जी पेठ आपला भाव पाडण्यासाठींच उभारलेली आहे, तिच्यांत आपण होऊन कोण शिरेल? चार वर्षे झालीं न झालीं तोंच लिलावाचा धंदा विकून टाकावा लागला आणि उरलेली कंपनी २००४ सालीं कॉम्प्युवेअरनें घेतली.

याच्या उलट जपानांतील टोयोटाचें उदाहरण. १ फेब्रुवारी १९९७ रोजीं आयसिन कंपनीचा कारिया येथील कारखाना आगींत जळाला. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांस ब्रेकचा एक लहानसा भाग तेथूनच जात असे आणि टोयोटापाशीं त्याचा सांठा कांहीं तासांपुरताच होता. टोयोटाचे कारखाने बंद पडले. तेव्हां वर्षानुवर्षे संबंध असलेल्या दोनशेंच्या आसपास लहानमोठ्या कारखान्यांनीं, पैशाची घासाघीस आधीं न करतां, मिळेल त्या यंत्रावर तो भाग बनविण्यास सुरुवात केली. कित्येकांनीं तो पूर्वी कधीं केलाही नव्हता. कांहीं दिवसांतच गाड्या पुन्हां निघूं लागल्या. चढ्या-उतरत्या बोलीनें जोडलेला पुरवठादार अशा वेळीं धांवून येत नाहीं. मात्र याच प्रसंगाची दुसरी बाजूही ध्यानांत ठेवावी: एकाच कारखान्यावर विसंबून राहिल्यामुळेंच टोयोटावर हें संकट आलें. म्हणून नातें जपावें, पण तें एकाशींच असूं नये.

यावर तरुण सभासद विचारतील, आणि त्यांनीं विचारावेंच, कीं जुन्या नात्यानें आम्हांस काय दिलें? चार पेढ्यांनीं सकाळीं चहा पितांना भाव ठरवावा आणि आम्हीं मान हलवावी, हेंच ना? या प्रश्नांत पुष्कळ तथ्य आहे. ज्या शेतकऱ्यापाशीं तुलनेस दुसरा भाव नाहीं, त्याचें नातें हें नातें नसून ताबेदारी होय. ऑनलाइन पेठेनें आपल्यावर सर्वांत मोठा उपकार केला असेल तर तो हाच, कीं निजामाबाद, इरोड व वसमतचा आजचा भाव आज घरबसल्या कळतो. आडत्यासमोर मोबाईल ठेवून ‘शेठ, हा भाव पाहा’ असें म्हणतां येतें, ही लहान गोष्ट नव्हे. पण भाव कळणें निराळें आणि त्या भावानें पैसे हातीं पडणें निराळें. पहिल्या कामास पेठ उत्तम. दुसऱ्या कामास ती अजून अपुरी आहे. ई-चौपाल काढणाऱ्या कंपनीसही हें उमगलें होतें. म्हणून तिनें संगणक गांवांतीलच एका शेतकऱ्याच्या घरीं ठेवला आणि त्यास संचालक नेमलें. यंत्र आलें तरी ओळखीचा मनुष्य सुटला नाहीं.

तेव्हां सूचना फेटाळावी असें आम्ही म्हणत नाहीं. ती दुरुस्त करून घ्यावी असें म्हणतों. आमची दुरुस्ती अशी.

पहिली गोष्ट, संघाच्या हळदीपैकीं चौथा हिस्सा ऑनलाइन पेठांसाठीं ठेवावा आणि तीन हिस्से जुन्या पेढ्यांसाठीं. मात्र या तीन हिश्श्यांचा सौदा करण्यापूर्वी त्या दिवसाचे बाहेरचे भाव लेखी नोंदवून पेढीपुढें ठेवावेत. चौथ्या हिश्श्याचा अनुभव चांगला येईल तसतसा तो वाढवावा.

दुसरी गोष्ट, ऑनलाइन सौद्यांत मालाचा ताबा आपल्या गोदामावरच द्यावा. वजन येथें, तपासणी येथें, आणि ट्रक फाटकाबाहेर पडण्यापूर्वी सर्व रक्कम संघाच्या खात्यांत, अथवा उभयतांस मान्य अशा तिऱ्हाइताकडे, जमा झालेली असावी. अलीबाबानें पुढें २०१५ सालीं गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठीं हमीची योजना काढली. तशीच हमी विकणाऱ्यानेंही मागण्यास संकोच कां करावा? ज्यास ही अट मान्य नाहीं, त्यानें कितीही चढा भाव बोलला तरी त्यास नमस्कार करावा.

तिसरी गोष्ट, प्रत्येक सौद्याचे तीन मोहोरबंद नमुने काढावेत: एक आपणांपाशीं, एक घेणाऱ्यापाशीं आणि एक वांधा निघाल्यास प्रयोगशाळेंत पाठविण्यासाठीं. ओलीचा आंकडा गोदाम सोडण्यापूर्वीच कागदावर उतरलेला असावा व त्यावर घेणाऱ्याची संमति घेतलेली असावी. वांधा कोणत्या गांवच्या न्यायालयांत चालावयाचा, हेंही पेठेच्या अटींत आधीं वाचून घ्यावें. पुष्कळदां तें आपल्या जिल्ह्यांतील नसतें.

चौथी गोष्ट, कोणीही सभासदानें उचलीच्या निकडीनें माल काढूं नये. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे आणि तींत हळदीचाही समावेश आहे. मालाच्या किंमतीच्या ठराविक भागाइतकें कर्ज गोदामावरच मिळतें. ज्याची निकड भागली, त्याला ना आडत्याची ताबेदारी, ना दूरच्या गिऱ्हाइकाची घाई.

पांचवी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. संघानें एक गिऱ्हाइकांची वही ठेवावी. तींत प्रत्येक घेणाऱ्याचें नांव, जीएसटी क्रमांक, मालाचें वजन, ठरलेला भाव, प्रत्यक्ष मिळालेला भाव, कापलेली घट, चुकारा किती दिवसांनीं झाला आणि वांधा निघाला असल्यास तो कसा मिटला, हें सौद्यागणिक लिहावें. ऑनलाइन गिऱ्हाइकांप्रमाणें जुन्या पेढ्यांचीही नोंद त्याच वहींत, त्याच रकान्यांत व्हावी. वही कोणाही सभासदास केव्हांही पाहतां यावी. दोन-तीन हंगामांत जी माहिती या वहींत जमेल, ती कोणत्याही पेठेच्या शिक्क्यांत मिळणार नाहीं. मग कोण चढा भाव बोलला यावरून नव्हे, तर कोणाकडून खरोखर किती आले यावरून आपणांस निवड करतां येईल. ज्या पेढीची ओळ वहींत स्वच्छ असेल तिला आपोआप मान मिळेल. जिची नसेल तिला वीस वर्षांच्या ओळखीची सबब सांगतां येणार नाहीं.

हें काम किचकट आहे, रोजचें आहे आणि त्यांत कोणास टाळ्या मिळावयाच्या नाहींत. दप्तर ठेवणें म्हणजे काय, हें आम्ही आयुष्यभर केलें असल्यामुळें हें ठाऊक असूनच लिहितों. संघास मान्य असेल तर या वहीचें पहिल्या वर्षाचें लेखन करण्यास आम्ही विनामूल्य तयार आहों. तरुण सभासदांपैकीं दोघांनीं बाहेरचे भाव रोज पाहून लिहून द्यावेत. तें त्यांना आमच्यापेक्षां चांगलें साधतें.

हळद नऊ महिने जमिनींत राहते, त्यानंतर शिजविणें, वाळविणें व पॉलिश करणें यांत आणखी दिवस जातात. एवढ्या कष्टाचा माल एका दुपारच्या चढ्या बोलीवर अनोळखी दारांत पाठवावा कीं नाहीं, याचा निर्णय सभासदांनीं सभेस जातीनें हजर राहून घ्यावा, एवढीच विनंति.